सोनाजीदादांची मूठ

आता तुम्हीच सांगा, बाजारच्या दिवशी, काखेत मिरचीचं गाठोडं धरलेल्या माणसाला कोणी असं सांगतं का? औंढ्याच्या वैद्यबुवांनी सांगितलं. आमच्या दादांचा उजवा हात धरला, सोडला, तो आपला मांडीवर टुकटुक टुकटुक चालूच, आणि बुवा म्हणतात, "कंपवात आहे. हा जात नसतो. खाजकुहिलीच्या बिया दुधात शिजवून द्या, थोडं बरं वाटेल. पुढचं कोण आहे?"

पुढचं कोण आहे! म्हणजे आमचं संपलं. मी शाळामास्तर, पोरांना पाचाचा पाढा महिनाभर समजावणारा, आणि मला आयुष्यभराची गोष्ट मिरची खाली ठेवायच्या आत सांगून मोकळे! बरं, ज्यांना झालं ते आमचे थोरले बंधू, सोनाजीदादा, ते शांत. परतताना गाडीत अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाले, "यंदाची मूठ मीच धरनार."

झालं! तेव्हापासून मी आपला जागा.

मूठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेरणीला बैलं तिफण ओढतात, तिफणीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात, आणि मागून चालणारा माणूस त्या चाड्यात मुठीनं दाणा सोडत जातो. मूठ सारखी सुटली तर ज्वारी सारखी उगवते. दादांची मूठ अशी, की लोक आपलं वावर सोडून आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बघायला यायचे. आणि आता तोच हात... पाण्याचा तांब्या तोंडाशी येईपर्यंत अर्धा व्हायचा.

गाव काय गप्प बसतं? शेजारचे ग्यानबा मोठ्या मायेनं आले, पान खाल्लं, चुना आमच्याच डबीतला, आणि म्हणाले, "सोनाजीभाऊ, यंदा तुमी धुऱ्यावर बसा. ज्वारी हाय, बुक्का न्हाई उधळायला." दादा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्या दुखण्यात चेहरासुद्धा हलत नाही हो, हात सगळं हलणं घेऊन बसतो. हसले की रुसले हे कळायला मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचो, आणि डोळे बघायचे चाड्याकडे.

आणि झोप? दिवसा भाकरी हातात धरून पेंगायचे आणि रात्री झोपेत तिफण हाकायचे! "हाऽऽ... वळ... वळ..." आणि बैल कोण? मी! अशी लाथ बसायची की मी बाजेवरून थेट खाली. आमची मंडळी, चतुराबाई, दारातून म्हणायची, "मोठे भाऊजी औत हाकून राहिले, तुमी काहून मधी जाता?" मधे जातो? अहो, ते एकदा उठून आडाच्या दिशेनं चालायला लागले होते! तेव्हापासून माझ्या धोतराचं टोक त्यांच्या मनगटाला बांधून झोपायचं असं ठरलं. झोपायचं म्हणजे त्यांनी. महायुद्धाचे दिवस, रॉकेल सगळं लढाईवर गेलेलं, कंदील नाही, काळोखात एका धोतराच्या दोन टोकांना दोन भाऊ, आणि मी आपला जागा.

पण एकदा ओसरीवर चांदणं होतं, म्हणून दिसलं. दादा झोपेत पेरत होते. मूठ उघडत होती, मिटत होती, थोडी उघडत होती, मिटत होती... आणि हलत नव्हती. जरासुद्धा नाही. झोपेत तो हात पहिल्यासारखा. मी बघत राहिलो. त्यांना उठवून दाखवावं, तर जागे झाले की थरथर सुरू. आता हे सांगायचं कोणाला? घरात हे पाहिलं ते मी एकट्यानं, कारण मी आपला जागा.

मग म्हटलं, औषध करू. गावाबाहेरच्या बंजारा तांड्याच्या कुंपणाला खाजकुहिली लोंबते. शहाणा माणूस चिमट्यानं शेंगा तोडतो, त्यावरची लव जाळतो, मग बिया काढतो. मी शहाणा नव्हतो, शिकलेला होतो. डोक्याचा पटका सोडला, शेंगा त्यात बांधल्या, घरी ओतल्या, पटका झटकला आणि तोच डोक्याला गुंडाळून शाळेत गेलो! पुढचं काय सांगू... पाढा सात सक्कंपर्यंत गेला आणि मास्तर भिंतीला पाठ घासू लागले. पोरांना वाटलं, मास्तरांच्या अंगात आलं. एकानं पाया पडून परीक्षेचं विचारलं! घरी चतुराबाईनं अंगणात उभं करून नखशिखान्त शेण फासलं, आणि ओसरीवरून एक आवाज आला, जुन्या कुलपात किल्ली फिरल्यासारखा. दादा हसत होते. चेहरा नव्हता हलत, पण पोट हलत होतं. मी तसाच शेणात उभा राहिलो. म्हटलं, अजून थोडी खाज सुटली तरी चालेल.

बिया दिल्या. गुण आला म्हणावं तर हात हलतच होता, नाही म्हणावं तर तांब्या अर्ध्याऐवजी पाऊण राहू लागला. तेवढ्यात हस्ताचा पाऊस संपला, रब्बीची पेरणी आली.

दादा चाड्यामागं उभे राहिले. अख्खं गाव धुऱ्यावर. मी बैलं हाकत होतो, मागं बघायची हिंमत नाही. पहिला फेरा झाला आणि दादांनी आपण होऊन चाडं चतुराबाईकडे दिलं. "माझी मूठ मी धरली, आता तू धर," एवढं म्हणून ते सावलीत बसले. ग्यानबांनी सरकून त्यांना जागा करून दिली, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आठवड्यानं उगवलं. बाकी सगळं वावर सरळ, आणि तो पहिला फेरा? कुठं फूटभर मोकळं, कुठं पंगतीला ताटं कमी पडून माणसं एकमेकांच्या मांडीवर बसावीत अशी ज्वारीची ताटं! दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाट झालं. इरळून घे. तूच घे, गड्याला लावू नको. लोकाला दिसतं."

इरळायचं म्हणजे जास्तीची रोपं उपटून बाकीच्यांना जागा करायची. म्हटलं, घेतो. दिवाळीची सुट्टी लागली की घेतो.

सुट्टी लागली त्या रात्री ते म्हणाले, आज गाठ नको, तू नीट झोप. मीही थकलो होतो. कितीतरी दिवसांनी मी झोपलो. सकाळी चतुराबाईनं उठवलं, तेव्हा दादा बाजेवर होते आणि हात छातीवर होता, गार, थांबलेला.

आता तर काय, लाथ नाही, औत नाही, धोतराला गाठ नाही. निवांत झोपावं की नाही माणसानं? पण मी आपला जागा. ज्वारी हुरड्याला आली, तो पहिला फेरा तसाच दाट उभा आहे, कणसं बोटभर, दाणा धरत नाही. ग्यानबा धुऱ्यावरून विचारतात, "मास्तर, एवढं इरळलं काहून न्हाई?"

राहिलं.