नानांचे दोन हौद

अक्का, नानांचे भाऊबंद आणि इथे जमलेले सगळे,

मला बोलायला सांगितलं आहे. सांत्वन करणं मला जमत नाही. जे पाहिलं, तेवढंच सांगते.

मत्स्यशास्त्र शिकून मी शिरपूरला नोकरीवर आले, तेव्हा मागूर मासा पाळणारे या भागात नाना एकटेच होते. माळकरी माणूस. मी आश्चर्यानं विचारलं, तर म्हणाले, "मी मासा खात नही, पन मासाले तं खावाले लागस ना."

हिवाळ्यात मागुरांच्या अंगावर जखमा व्हायच्या, मासे मरायचे. पाण्यात औषध न ओतता, खाद्यातूनच काही करता येईल का, हे नानांना पाहायचं होतं. म्हणून दोन हौद. एकात साधं खाद्य. दुसऱ्यात त्याच खाद्यात समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ आणि दही, म्हणजे दह्यातले उपयुक्त जिवाणू. पेंड आणि कोंडा नाना घरच्या चुलीवर शिजवायचे. पूर्ण गार झाल्यावरच दही घालायचे, कारण गरम खाद्यात जिवाणू मरतात. अक्का नवऱ्याला म्हणायच्या, "मासास्ले दही, आनि माले ताक." नाना म्हणायचे, "त्या बोलतस नही, म्हणीसन."

गेल्या आठवड्यात नाना अचानक गेले. रिवाजाप्रमाणे घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. माणसं जेवली. हौदांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. का जावं? मी कुणाला दोष देत नाही. मी धुळ्याला होते, निरोप उशिरा मिळाला.

मागूर उपाशी राहिला की आपल्यापेक्षा लहान मागुराला खातो. दोन्ही हौदांत तेच झालं. मी पोहोचले तेव्हा कोणता मासा जखमेनं मेला आणि कोणता खाल्ला गेला, हे कळायला मार्ग नव्हता; तुलना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवाळानं फरक पडला? माहीत नाही. दह्यानं? माहीत नाही. नानांचं काम वाया जाणार नाही, असं मघापासून सगळे म्हणताहेत. ते वाया गेलं आहे.

नानांच्या मुलाला मी विचारलं, पुन्हा सुरू करू या का. तो म्हणाला, "ताई, तठे जावाले मन्हा पाय उठत नही." त्याला मी पुन्हा विचारणार नाही. उद्या हौद रिकामे होतील.

शेवटच्या भेटीत नानांनी विचारलं होतं, "ताई, फरक दखास का?" मी म्हणाले, "हिवाळा संपू द्या, मग सांगते." तेव्हा तेच उत्तर बरोबर होतं. आता उत्तर नाही, आणि विचारणाराही नाही.

नाना, माझा नमस्कार.

सर्वांनी कृपया उभं राहावं. थोडा वेळ कुणी काही बोलू नये. मीही थांबते.