ओल्या तळघरांची भुसापट्टी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पोर्ट अँब्रोज गावाच्या नगराध्यक्षा श्रीमती मार्गो बिसेट, सेंट हेडविग चर्चचे फादर लिओ, सरोवरकाठच्या नव्या इमारतींचे बांधकाम व्यावसायिक श्री. हार्ग्रोव्ह, आजचे सत्कारमूर्ती आणि नगरपालिकेचे मावळते मुख्याधिकारी श्री. थॅडियस ओलेनिक, आणि पिरोगी कधी वाढतायत म्हणून स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. नगराध्यक्षाबाईंनी काल फोन करून बजावलं, "लुसिलबाई, गोड बोला हं. निरोपाचा कार्यक्रम आहे." मी म्हटलं, प्रयत्न करते. आता चौथीच्या पोरांना इतिहास-भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. या हॉलमधल्या निम्म्या लोकांचा एकेक कान माझ्या हातात येऊन गेलाय. सत्कारमूर्तींचे दोन्ही. तेव्हा गोडाचं मला फारसं जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मघाशी अध्यक्षांचं पेन टेबलावरून घरंगळत जाऊन फादरांच्या मांडीत पडलं आणि तुम्ही सगळे हसलात. मला नाही हसू आलं. या हॉलमध्ये माझं लग्न झालं, माझ्या मुलींची लग्नं झाली, याच टेबलांवर व्होडकाचे ग्लास काठोकाठ भरून ठेवलेले मी पाहिलेत आणि एक थेंब सांडलेला पाहिला नाही. पेन आत्ता आत्ता घरंगळायला लागलंय. का, ते सांगते.

गावाच्या इतिहासाबद्दल थोडं बोलावं, अशीही मला सूचना आहे. बरं झालं. नदीच्या वरच्या अंगाला पांढऱ्या पाइनचं जंगल होतं. गिरण्यांचे मालक म्हणायचे, आमच्या पणतवंडांनाही हे तोडून संपायचं नाही. त्यांच्या मुलांच्याच हयातीत संपलं! हिवाळ्यात झाडं पाडायची, बर्फावरून ओढत नदीपर्यंत आणायची, बर्फ वितळला की ओंडके पाण्यात सोडायचे आणि इथे नदीच्या तोंडाशी अडवून कापायचे. फळ्या जहाजांत भरून शिकागोला गेल्या. पैसा टेकडीवर गेला. आणि भुसा? भुसा, सालपटं, फळ्यांची कातरणं, सगळं मालकांनी सरोवरात लोटलं. वर्षानुवर्षं लोटलं. इतकं की पाण्यात जमीन तयार झाली. टेकडी देवाने केली, भुसापट्टी गिरणीच्या कचऱ्याने केली. आपल्या गावाचा भूगोल एवढाच आहे. टेकडीवर मालकांचे बंगले झाले, आणि कचऱ्यावरची जागा पोलंडहून आलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांना मिळाली, तीसुद्धा पगारातून कापून, आणि वर उपकार केल्यासारखी.

मग जंगल संपलं. चौकात ज्यांचा पुतळा आहे, त्या थोर गिरणीमालकांनी यंत्रं आगगाडीत चढवली आणि पश्चिमेकडच्या जंगलांकडे निघून गेले. माझी आजी सांगायची, त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर बँड लावला होता. हाताखालचे सगळे लोक दुसऱ्या दिवसापासून बेकार झाले होते, तेही टाळ्या वाजवत होते म्हणे. या गावाला लुटून जाणाऱ्यांना वाजतगाजत निरोप द्यायची फार जुनी सवय आहे.

नाही नाही, अध्यक्ष, येतेय मी सत्कारमूर्तींवर. इतक्यात घंटीकडे हात नेऊ नका.

भुसापट्टीत एक गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही कळते. पाण्याखालचं लाकूड सडत नाही. आमच्या घरांखाली पाच-सहा पुरुष खोल भुसा आणि लाकूड आहे, आणि ते भिजलेलं आहे तोवर दगडासारखं आहे. पाणी काढून घेतलं, आत हवा शिरली, की ते कुजतं, त्याचा भुगा होतो आणि वरचं घर बसतं. म्हणून आमच्याकडे तळघर ओलं ठेवतात. घोट्याएवढं पाणी असलं की घर सुखरूप. टेकडीवरचे लोक नाकं मुरडतात, "शी, तुमच्याकडे बेडूक असतात ना?" असतात! आमच्या घरांना बेडूक राखण करतात. दुष्काळी उन्हाळ्यात अग्निशमन दलाची गाडी दारोदार फिरून आमची तळघरं भरायची. नवी सून घरात आली की तिचं पहिलं काम कोणतं? सरोवराचं बादलीभर पाणी आणून तळघरात ओतायचं. मी ओतलंय. माझ्या शेजारच्या स्टेला पावलॅकने ओतलंय. आणि थॅडियस, तुझ्या आईनेही ओतलंय. मी पाहिलंय तिला, हिरव्या झग्यात, सगळी बादली स्वतःच्या बुटांवर सांडत.

हो, सत्कारमूर्ती भुसापट्टीचे आहेत. टेकडीवर राहायला गेल्यापासून ते हे फारसं बोलत नाहीत, म्हणून आठवण करून दिली.

मध्यंतरी शिकागोच्या एका गृहस्थांनी आमच्या गल्लीत सुट्टीपुरतं घर घेतलं. त्यांनी काय केलं, तळघरात पंप बसवला, जागा खडखडीत कोरडी केली आणि तिथे बिलियर्डचं टेबल मांडलं. वर्षाच्या आत शेजारच्या माणसाचं धुराडं वाकडं झालं. स्टेला त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "अहो, तुम्ही आमचं घर पिताय!" त्या भल्या माणसाला आधी काही कळेना. समजावून सांगितल्यावर मात्र त्याने त्याच दिवशी पंप काढला. परका माणूस, पण त्याला कळलं.

आणि आपल्या माणसाने काय केलं? नव्या इमारतींना कोरडा पाया हवा, म्हणून गिरणी रस्त्याच्या टोकाला नगरपालिकेचा भला मोठा पंप बसवला. रात्रंदिवस चालणारा. योजनेला नाव दिलं 'कोरडी तळघरं, निरोगी घरं'. रंगीत पत्रकं वाटली! आमची तळघरं कोरडी झाली. बेडूक गेले. आणि घरं बसायला लागली, त्यांच्याबरोबर भुशावरचा हा हॉलही.

मी गेले होते मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीत. कॉफी दिली, खुर्ची पुढे केली, वागायला काही कमी नाही. म्हणाले, "बाई, जग पुढे गेलंय. ओल म्हणजे बुरशी, ओल म्हणजे दमा."

म्हटलं, "आणि घर खचलं म्हणजे?"

"अहो, भुसाच तो. कधी ना कधी खचणारच होता."

"टॅड, शंभर वर्षं नाही खचला, आणि तुझा पंप आल्यावरच बरा खचला?"

"तसा संबंध सिद्ध झालेला नाही, बाई."

सिद्ध झालेला नाही! अरे, चौथीत मी वर्गाला विचारलं होतं, सरोवराच्या तळाशी बुडालेले ओंडके इतक्या वर्षांनी काढले तरी नव्यासारखे का निघतात? तू एकटा उठून म्हणालास, "बाई, त्यांना हवा लागत नाही म्हणून." मी तुला शाबासकी दिली होती, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. म्हणून मला राग आहे. न कळणाऱ्याने केलं असतं तर मी त्याला पुन्हा शिकवलं असतं. तुला कळत होतं.

वाजवा घंटी, वाजवा. शाळेत मी तिच्याहून मोठ्या घंटा ऐकल्यात.

आता स्टेलाचं ऐका. स्टेला पावलॅक, माझी शेजारीण, सत्कारमूर्तींच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या घराचा उत्तरेकडचा कोपरा खाली बसलाय. परवा मी गेले तर बाई जेवत होती, बीटाचं सार थाळीच्या एका कडेला गोळा झालेलं. मला म्हणते, "बस गं, तू उताराच्या बाजूला बस, तुला जास्त येईल." रात्री झोपेत ती पलंगाच्या पलीकडच्या कडेला घसरते, तिच्या यजमानांच्या बाजूला. ते जाऊन वर्षं झाली. म्हणते, "लुसिल, जिवंत होते तेव्हा मी इतक्यांदा नव्हते गं जात!" आणि हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

गेल्या आठवड्यात तिच्या दारावर लाल कागद लागला. 'राहण्यास अयोग्य.' खाली सही थॅडियस ओलेनिक. भुसापट्टीतल्या अर्ध्या घरांवर तो कागद आहे, माझ्याही. आणि येत्या सोमवारी नगरपालिकेच्या सभेत ठराव येतोय, की भुसापट्टी धोकादायक झाल्यामुळे सबंध पाडावी. पाडून काय करणार, ते श्री. हार्ग्रोव्ह सांगतील, त्यांच्याकडे चित्रं आहेत. फार सुंदर चित्रं आहेत. त्यात आमच्यापैकी कुणी नाही. जेव्हा त्या काठाला घाण वास यायचा तेव्हा तो आम्हाला दिला, आणि आता तिथून देखावा दिसतो म्हणून परत हवाय! आधी घराखालचं पाणी काढायचं, मग घर खचलं म्हणून घर काढायचं. याला विकास म्हणतात का हो, अध्यक्ष? मला तर याला दुसरा शब्द येतो, पण फादर बसलेत.

सत्कारमूर्तींच्या कामाबद्दल चांगलं बोलायचं राहिलं. त्यांच्या कारकिर्दीत रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उचलला गेला. वाचनालयाचं छप्पर गळायचं थांबलं. हे मी मनापासून म्हणते. आता ते फ्लोरिडाला जाणार आहेत. तिथल्या त्यांच्या घराखाली काय आहे, मला माहीत नाही. पक्कं असो, अशी सदिच्छा.

आता शेवटचं. आज दुपारी तुम्ही सगळे इथे खुर्च्या मांडत होता, तेव्हा स्टेला आणि मी गिरणी रस्त्याच्या टोकाला गेलो होतो. पंपघराला भलंथोरलं कुलूप आहे. पण पंपघरही भुशावरच बांधलंय ना! तेही बसलंय. चौकट इतकी तिरकी झालीय की कडी कोयंड्यापर्यंत पोचतच नाही, कुलूप नुसतं लोंबतंय. ढकललं तर दार उघडलं. आत मोठं लाल बटण आहे. मी ते बंद केलं.

बसा, बसा, श्री. हार्ग्रोव्ह. पिरोगी खाऊन जा. पाणी काही धावत येत नाही, हळूहळू येतं. खचलेला कोपरा वर येणार नाही, हे मला कळतं. पण जे अजून उभं आहे, ते उभं राहील.

थॅडियस, आज रात्रीपर्यंत मुख्याधिकारी तूच आहेस. पंप कायमचा बंद ठेवायचा हुकूम तू देऊ शकतोस, आणि ते लाल कागदही तूच काढू शकतोस. किंवा पंप पुन्हा चालू करायचा हुकूमही देऊ शकतोस. फक्त तसं करणार असशील, तर पोलीस पाठवू नकोस. स्टेला तिथे बसलीय, त्या बटणासमोर खुर्ची टाकून, गुडघ्यांवर गोधडी घेऊन. तू स्वतः जा. तू लहान असताना तुझी आई कारखान्यात पाळीला गेली की जी तुला जेवू घालायची, तिला हाताला धरून उठव, आणि मग बटण दाब.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलताना कुणाचा अपमान झाला असेल, वेळ जास्त घेतला गेला असेल, तर म्हातारीला पदरात घ्या. पंप बंद केला, त्याची माफी मात्र मी मागत नाही.