झील धरायची सवय

सायली : (फोनच्या स्पीकरवरून) आप्पा, पाठवलेलं गाणं रेकॉर्ड करताना माईक आईकडं फिरवला होता का?

हनुमान : मी कशाला फिरवू? म्हैस लांब बांधली, पंखा बंद केला, भिंतीला समद्या गोधड्या टांगल्या. तू सांगितलं तसंच केलंय. कंप्युटरलासुदिक घाम फुटलाय.

सायली : पहिली ओळ ऐका. तुम्ही गाता, 'भाऊंनी शिवारी गंगा आणली.' मागून आई म्हणते, 'टँकरची.'

वनमाला : अगं बाई! पुटपुटलेलं कसं ऐकू आलं?

सायली : माईक लई चांगला निघाला, आई. पुढं आप्पा म्हणतात, 'रस्ता केला सोन्यावाणी', आणि तू विचारतेस, 'कुणाच्या दारापतूर?'

हनुमान : आगं, आमदार भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं हाय ते!

वनमाला : जलमभर भजनात तुमच्यामागं झील धरली. तुमी ओळ टाकली की तोंड आपसूक उघडतं.

हनुमान : झील म्हंजी तीच ओळ परत म्हणायची असती!

वनमाला : देवाची म्हणते की.

हनुमान : सायले, तेवढं पुसून टाक.

सायली : नाही जमत. एकाच माईकवर दोघं आहात. आईला काढलं की तुम्हीही जाता.

वनमाला : घ्या!

हनुमान : हसायला काय झालं? उद्या चौकात डीजेवर वाजायचंय. भाऊ खूश झाले तर तुमच्या नर्सबाईच्या बदलीचं कानावर घालतो, असं त्यांचा पीए म्हणलाय. न्हाई तर पोरगी ऱ्हाती गडचिरोलीतच.

सायली : माझ्यासाठी नका गाऊ आप्पा. मी बरी आहे इथं.

वनमाला : बरी हायस? परवा तापानं फणफणली होतीस, तवा पाणी कुणी दिलं?

सायली : तुला कुणी सांगितलं?

वनमाला : कुणी कशाला सांगाया पायजे? आवाज कळतो की.

सायली : मग तिसरी ओळपण ऐक.

वनमाला : ती ऱ्हाऊ दे.

हनुमान : काय म्हणलीस तिथं?

सायली : आप्पा गातात, 'भाऊ माउली लेकरांची.' आणि आई म्हणते, 'मग माझं लेकरू धाड की घरी.'



वनमाला : मी जाऊन बसते म्हशीपाशी. तुमी परत म्हणा.

हनुमान : आता मलाच न्हाई जमायचं ते.

वनमाला : जमतंय. डोळे मिटून घ्या, अन् भाऊच्या जागी सायलीला बघा.