अपोलोच्या देवळातली शपथ

—नाही गं पोरी, मला नको नेऊस. कळा लागल्यात ना? मग खालच्या आळीतल्या सुईणीकडे पळ, तीही चांगली आहे. काय? मलाच आणायला सांगितलं? मेलिन्नानं? स्वतःच्या तोंडानं? — बस जरा, धाप लागलीय तुला. तू नवी दिसतेस त्या घरात, तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या मालकिणीला भाऊ नाही. बाप गेला, आणि बापाच्या जमिनीबरोबर तीही बायको म्हणून सख्ख्या काकाच्या वाट्याला आली — अथेन्सचा कायदाच तसा. लग्न झालेलं असलं तरी नवऱ्याकडून उठवून आणतात. पदरात मुलगा असला तरच काकाचं काही चालत नाही. आणि मुलगा होता गं! मीच सोडवलं तिला. निळसर पडला होता, पाठीत दोन चापट्या मारल्या तेव्हा रडला. मुलगा झाला म्हणून दाराला ऑलिव्हची माळही मीच लावली. तर हा काका, लिकीनोस, म्हणजे तुझा आताचा मालक, न्यायसभेत म्हणतो कसा — पोर हिचं नाहीच, सुईणीनं रांजणात घालून आणलं!

तिथं बाईची साक्ष चालत नाही, ठाऊक आहे ना? पण दोन्ही बाजू कबूल असल्या तर देवळातली शपथ चालते. तिचा तेव्हाचा नवरा म्हणाला, सुईणीनं अपोलोपुढे शपथ घ्यावी. लिकीनोस लगेच कबूल. हसत कबूल! का? — का म्हणजे... फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका घरात — रांजण नव्हता, लोकरीच्या टोपलीतून परकं पोर नेलं होतं मी. मूल नाही म्हणून त्या बाईला नवरा टाकणार होता गं! लिकीनोसला ते कुठून कळलं, देव जाणे. आदल्या दिवशी दारात येऊन म्हणाला, ‘घे शपथ, मग मी टोपलीचं सांगतो.’ शपथेच्या दिवशी मी घरात बसून राहिले. ताप आलाय म्हणून कळवलं. ताप कसला! खरंच तर बोलायचं होतं, एवढंसं. — पोर बापाकडे राहिलं, आई काकाची बायको झाली. आणि आता त्याच काकाचं पोर पोटात.

काय म्हणालीस? आळीतल्या सगळ्या बायका बोलावल्यात? दार सताड उघडं ठेवून? म्हणजे पोर हिच्याच पोटचं, हे त्यांनी डोळ्यांनी बघायचं... हं. आणि मला काय निरोप? सांग, चाचरू नकोस. — ‘हात घेऊन ये, जीभ घरी ठेव’? असं म्हणाली?

...ऊठ. ती बाळंतपणाची खुर्ची उचल. हो पुढे. आणि वाटेत माझ्याशी बोलू नकोस.