न टाकलेली पावडर

तुम्ही हसाल, पण चहाला जरा औषधाचा वास आला की मला बरं वाटतं. नव्वद-एक्क्याण्णव साली मी पेणकडे आरोग्यसेवक होतो. सायकलवरून हिंडायचं आणि गावोगावच्या विहिरींत जंतुनाशक पावडर टाकायची, हे माझं काम. एकदा कासू गावाच्या पलीकडच्या एका वाडीत मथुराकाकू आडव्या आल्या. आसपासच्या सगळ्या लग्नांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा, आणि दुसऱ्या दिवशी तर त्यांच्याच पुतणीचं लग्न.

"आज नको टाकू रे भाऊ. पावन्यांच्या चहाला वास येल. लगीन झालं की टाक."

मी लाजेकाजेस्तव "बरं" म्हटलं आणि परत फिरलो.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी निम्मी वाडी जुलाबांनी दवाखान्यात. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "विहिरीत पावडर टाकली होती का?"

मी तोंड उघडायच्या आत सलाइन लावलेल्या काकूच बोलल्या, "व्हय सायेब, टाकली. मी सोता बघितली."

"मग पाण्याचा दोष नाही. जेवणच बाधलं."

मी तिथून तडक जाऊन विहिरीत दुप्पट पावडर टाकली. माणसं बरी झाली, माझी नोकरीही वाचली.

काकूंनी मात्र पुन्हा कुणाच्या लग्नात हातात डाव धरला नाही. पावडर म्हणजे नुसता वास, एवढंच त्यांना ठाऊक. भेटल्या की म्हणायच्या, "माज्याच हातचं बाधलं रे सगल्यांना."

आणि मी म्हणायचो, "होतं असं कधीकधी, काकू."