फॉर्मवरचा मोबाइल नंबर

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमचे शाखाधिकारी, सहकारी मित्रमैत्रिणी आणि हातातली कामं टाकून आलेल्या खातेदार बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं मी काउंटरच्या आत बसून बोलले. माइकवर पहिल्यांदाच बोलते आहे, तेव्हा सांभाळून घ्या. आत्ताच पाहुणे म्हणाले की या शाखेत बायकांची सर्वांत जास्त खाती मी उघडली. ऐकून अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. चढलं नाही, आणि ते का हे सांगितल्याशिवाय मला हे मानचिन्ह घरी नेता येणार नाही.

शाखेसमोर इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या मावशी आठवतात ना? साहेब, त्या असत्या तर तुमच्या शर्टाची कॉलर आज अशी राहिली नसती. त्यांची लेक परदेशात गेली होती, दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या आईची देखभाल करायला. पैसे आईच्याच नावावर यावेत, हा तिचा हट्ट. म्हणून मावशी मुलाला घेऊन खातं उघडायला आल्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. खातं बाईचं, नंबर घरातल्या पुरुषाचा. मी मुलाचा नंबर लिहिला, कार्डही त्याच्याच हातात दिलं. वर म्हणाले, "बाईमाणसाला कशाला हेलपाटे?"

वर्षभराने मावशी काउंटरवर आल्या. "ताई, लेकीचं काही आलंय का हो?"

मागे ही रांग. मी मान वर न करता म्हणाले, "मेसेज येतो, मुलाला विचारा."

"तो म्हणतो, काहीच येत नाही."

"मग नसेल आलं."

एक बटण दाबून बघायचं होतं हो! तेवढंही मी केलं नाही.

लेक आपल्याला विसरली, असं मावशींनी धरलं. पुढे शेजारच्या दुकानात तिचा फोन आला की त्या सांगायच्या, "कामात आहे म्हणा." छातीचं दुखणं त्यांनी अंगावर काढलं, गोळ्या अर्ध्याच घेतल्या, आणि गेल्या वर्षी त्या गेल्या. लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. खातं बंद करायला ती माझ्याकडेच आली. मी पडद्यावर पाहिलं. दर महिन्याला पैसे आले होते आणि त्याच दिवशी निघालेही होते. एकही महिना चुकला नव्हता.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी पाठवत होते, हे आईला कळलं होतं ना?"

मी म्हणाले, "हो तर, सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या." धडधडीत खोटं बोलले. तिने माझे आभार मानले आणि ती परत कामावर गेली.

काल मी तिला फोन करून खरं सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणून आई फोनवर येत नव्हती. मला वाटायचं, मी सोडून गेले म्हणून रुसली आहे."

उद्या माझ्या खुर्चीवर जो कुणी बसेल, त्याने समोरच्या बाईला तिचा स्वतःचा नंबर विचारावा, आणि मान वर करून विचारावा.

अध्यक्षमहोदय, आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. समारोपाला 'काही चुकलं असेल तर' असं म्हणायची रीत आहे. माझं चुकलं आहे. ज्यांनी ते पोटात घालायचं, त्या आता नाहीत. म्हणून तुमच्यासमोर हात जोडते.