सहपरिवार पाठिंबा

मतदानाच्या दिवशी सकाळी पुलगाव स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर लग्नाला निघालेलं एक वयस्क जोडपं बसलं होतं.

“मत न देता काऊन निघालो आपण?”

“लग्न चुकते, रुख्मिणी. दोन मतांनी काय होते?”

“परवा स्टेजवरून तं सांगत होते, एकेक मत मोलाचं आहे म्हणून.”

“ते लोकाईले सांगा लागते. व्यापारी संघाचा अध्यक्ष आहो मी. त्या उमेदवाराले पाठिंबा जाहीर करा लागला.”

“करा ना. पण सहपरिवार पाठिंबा काऊन म्हटलं? मले विचारलं होतं?”

“घरच्या माणसाले काय विचाराचं?”

“नळाले पाणी नाई म्हणून आमी मोहल्ल्यातल्या बाया त्याच्या बंगल्यावर गेलतो, तं त्यानं फाटक नाई उघडलं. त्याच माणसाच्या बाजूनं तुमी मले उभं केलं. आन् आता मतही देऊ देत नाई.”

“हळू बोल. लोक ऐकून राह्यले.”

मी पेपर तोंडासमोर धरला.

“ऐकू द्या. तुमी तं माईकवर बोलले.”

गाडी आली. ते गृहस्थ दोन्ही बॅगा घेऊन डब्यात चढले, त्यांच्या मागे मी. ती खालीच उभी राहिली.

“माझी बॅग द्या. मी मत देऊन दुपारच्या गाडीनं येईन.”

त्यांनी बॅग खाली दिली. गाडी हलली.

“पण मत कोणाले देशील?”

“हे तुमी पाठिंबा द्याच्या आंधी विचाराचं होतं,” असं म्हणून ती स्टेशनच्या फाटकाकडे चालू लागली.